शेण आबांचं, कॉक गुरुजींचा

‘जेवलात का?’ असं आमच्या गुरुजींनी मला चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. ते विचारायचे, ‘कशावर शिजलं?’

पासलीच्या अलीकडच्या एका वाडीत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा राहायला खोली मिळाली ती त्यांच्या घरात. गुरुजी निवृत्त. उभा जन्म भूगोल शिकवलेले. मी उत्रोलीची, म्हणजे भोरच्या अगदी कुशीतली, त्यामुळे डोंगरातल्या माणसांची मला थोडी धास्तीच होती. पहिल्या दिवशी मी वरणभाताचा कुकर लावला, शिट्टी झाली आणि दारात हे उभे. अंगात पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, हातात शेणाची बादली. मी आपली रीत म्हणून म्हटलं, ‘या ना गुरुजी, जेवायला बसा.’

‘जेवन ऱ्हाऊ द्या. कशावर शिजलं?’

‘गॅसवर.’

‘कुठल्या?’

मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, ‘टेम्पोनं येतो तो. वेल्ह्याहून.’ ते इतके खिन्न झाले की माझ्या तोंडून काही अशुभ निघालं की काय, असं मला वाटलं. आत जाऊन त्यांनी सुतळीनं बांधलेला शाळेचा जुना नकाशासंग्रह आणला, माझ्या ओट्यावर कोथिंबिरीशेजारी उघडला आणि इराण आणि अरबस्तान यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यावर बोट ठेवलं. बोटाला शेण होतं.

‘ह्यो बोळ बगा. ह्या बोळातनं तुमचा वरनभात आला, बाई. उद्या कुनी बोळात खाट टाकून बसला तर काय खानार?’

नकाशावर त्या जागी आधीच एक हिरवट डाग पडलेला होता. म्हणजे हा प्रश्न ज्यांना विचारला गेला, त्यांत मी काही पहिली नव्हते.

अंगणात त्यांचा गोबरगॅस होता. जमिनीत विटांची टाकी, वर घुमट, बाजूला शेण कालवायचं कुंड. रोज सकाळी गुरुजी बादलीभर शेण आणि बादलीभर पाणी घेऊन कोपरापर्यंत हात घालून कालवत बसायचे आणि कुंडाच्या कठड्यावर रेडिओ बातम्या सांगत असायचा. तेलाचा भाव चढला असं ऐकलं की त्यांचा हात एकदम जोरात फिरायला लागे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ओसरीतून म्हणायच्या, ‘हळू. भाव चडला म्हून शेन उडवू नगा.’ या काकूंना लग्नात त्यांनी शब्द दिला होता की तुला धुरात बसवणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. काकू मला हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू असायचं, पण पुढं लगेच जोडायच्या, ‘मातुर रेडू ऐकायचा असतोय, ह्ये न्हवतं सांगितलं.’

परराष्ट्र खात्याची निवेदनं हा गुरुजींचा खास विषय. त्यांनी त्याची एक उतरंड लावली होती. सगळ्यात वर ‘तीव्र निषेध’, त्याखाली नुसता ‘निषेध’, त्याखाली ‘चिंता’, आणि अगदी तळाला ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’. निवेदन ऐकलं की ते हात धुऊन नकाशासंग्रह उघडायचे आणि मला हाक मारायचे.

‘आज निसतं लक्ष ठिवलंय. बगा आता, ह्यांच्याकडनं तेल येतंय का न्हाई? येतंय! आन् परवा तीव्र निषेध केला त्ये गाव बगा. दगड बी निगत न्हाई तितं.’

मी एकदा वैतागून म्हटलं, ‘गुरुजी, देशाला करावं लागतं तसं. कोट्यवधी लोकांचे गॅस पेटायचे असतात.’

‘मग म्या काय म्हंतोय?’ ते म्हणाले. ‘करावं लागतं, त्येच दुकतंय.’

एवढं बोलून ते म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले.

त्यांच्याकडे एक स्कूटर होती. वेल्ह्याला, मार्गासनीला जायचं झालं की मला ते मागे बसवून न्यायचे. सपाटीला आणि चढाला इंजिन चालू. उतार लागला की बंद. मी घाबरून सदऱ्याला धरायची. वळणावर हॉर्न वाजेना, कारण इंजिन बंद, म्हणून त्यांनी हँडलला सायकलची घंटी बसवली होती. भर घाटात आमची स्कूटर ट्रिंग ट्रिंग करत मुकाट्यानं उतरायची आणि समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. ‘तेल आपलं न्हाई, बाई,’ गुरुजी वाऱ्यात ओरडून सांगायचे, ‘पन उतार आपला हाय!’ हे धोक्याचं आहे असं मी त्यांना दहादा सांगितलं. शेवटी मी एसटीनंच जायला लागले.

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय गुरुजी पुरे होत नाहीत.

आबा गुरुजींचे चुलतभाऊ, दहाएक वर्षांनी लहान, घर भिंतीला भिंत लावून. दोघांच्या भातखाचरांच्या मध्ये एक बांध होता आणि त्या बांधावरून रोज सकाळी भांडण व्हायचं. म्हणजे भांडायचे आबा. गुरुजी नुसती काडी टाकायचे. आबांचा आवाज असा की शाळेत प्रार्थना चालू असताना ऐकू यायचा, आणि मी मुलांना सांगायची, थांबा, आबांचं होऊ दे. वाडीत वीज गेली तरी वेळ समजायची ती या भांडणावरून. आबांच्या दारातही शेण होतं, पण ते गोबरगॅसच्या वाटेला कधी गेले नाहीत. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण-पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. ‘शेन टाकीत घातलं तर राबाला काय घालू, तुमचा रेडू?’ असं आबा विचारायचे. टाकीतून बाहेर पडणारा शेणकाला त्याहून चांगला, हे गुरुजी वीस वर्षं सांगत होते. वीस वर्षं आबा ऐकत नव्हते.

भांडणाचं दुसरं कारण रस्ता. ओढ्यापलीकडच्या खाचरांपर्यंत बैलगाडी जाईल असा रस्ता व्हावा, हे गुरुजींचं स्वप्न. रस्ता सगळ्या वाडीला हवाच होता. गुरुजींनी गावाच्या नकाशावर पट्टीनं सरळ रेघ मारली होती आणि ती रेघ नेमकी आबांच्या तरव्यावरून जात होती. तरवा म्हणजे रोपं वाढवायची जागा. आबांच्या साऱ्या जमिनीत तेवढाच एक तुकडा उंचावर. बाकी सगळं पाणथळ. तो गेला तर आबांनी रोपं टाकायची कुठं आणि भात लावायचं कशाचं? हे गुरुजींना कळत नव्हतं असं नाही. पण रेघ सरळ होती, आणि सरळ रेघेवर त्यांचा फार जीव. दर ग्रामसभेला ते रस्त्याचा ठराव मांडायचे, आबा एकटे उभे राहून छप्पर हलवायचे, आणि जमीनवालाच नाही म्हणतोय म्हणून ठराव पडायचा.

मग ते वर्ष आलं. तिकडं आखातात पेटलं. जहाजं अडकली, त्या बोळातून काही पुढं सरकेना, आणि आमच्या डोंगरात सिलिंडरचा टेम्पो आठवड्याचा पंधरवड्यावर आणि पंधरवड्याचा ‘बघू’वर गेला. माझा गॅस दिवाळीनंतर संपला. वाडीतल्या बायकांनी माळ्यावरच्या चुली खाली काढल्या, पण घरं आता पत्र्याची, धूर निघायला जागा नाही. आबांच्या बायकोला दम्याचा त्रास. ती खोकायला लागली की भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

गुरुजींना खरं तर मिरवायची संधी होती. वीस वर्षं ज्याची चेष्टा झाली ते खरं ठरलं होतं. ते मिरवले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगेन. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या टाकीवरून एक नळी माझ्या खोलीत आणि दुसरी भिंतीला भोक पाडून आबांच्या स्वयंपाकघरात काढली. दोन म्हशींचं शेण तीन घरांना पुरेना, म्हणून आबांच्या गोठ्यातलं शेणही आमच्या कुंडात येऊ लागलं. आबा स्वतः शेणाची आणि पाण्याची बादली आणून ठेवायचे. त्यांच्या नळीचा कॉक आमच्या पडवीत होता. सकाळ-संध्याकाळ गुरुजी तो उघडायचे आणि आबांकडे निळी ज्योत पेटायची. खोकला थांबला. काकूंनी भिंतीवरून गूळ-खोबरं दिलं. मला तर भरून आलं.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. एक दिवस शाळेत प्रार्थना चालू होती आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग लक्षात आलं की प्रार्थना मध्ये न थांबता सलग पुरी झाली होती, आणि बरेच दिवस तशीच होत होती.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात भरली. झेंडावंदन झालं, मुलं घरी गेली, मोठी माणसं सतरंजीवर बसली. गुरुजी उठले, नेहमीचा नकाशा उलगडला, नेहमीची रेघ दाखवली. सगळ्यांनी आपोआप आबांकडे पाहिलं. आबा टोपी सारखी करत होते.

सरपंचबाई म्हणाल्या, ‘आबा, बोला. तरवा तुमचा हाय.’

आबा खाली बघत म्हणाले, ‘गुरुजी म्हनतील तसं.’

लोकांना आनंद झाला. कुणी टाळ्याही वाजवल्या. मी गुरुजींकडे पाहिलं तर ते नकाशा परत गुंडाळत होते. ग्रामसेवकांनी लिहायला घेतलं, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, ‘थांबा. ह्यो ठराव म्होरच्या सभेपोतुर तहकूब ठिवा.’ स्वतःचा, दहा वर्षांनी मंजूर होत असलेला ठराव त्यांनी स्वतः तहकूब केला. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमला.

घरी आल्यावर ते पडवीत बसले. तेवढ्यात आबांची बायको ताक द्यायला आली. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलायची नाही. पदर पुढं ओढून सगळं काकूंना सांगायची, गुरुजी हातभर अंतरावर असले तरी. गुरुजींनीही काकूंनाच म्हटलं, ‘तिला इचार, आबा का बोलला न्हाई?’

ती काकूंना म्हणाली, ‘जाऊबाई, त्यास्नी सांगा, कसं बोलायचं? घरात च्या त्यांच्या ग्यासवर उकळतोय. रातच्याला ह्ये झोपंत बी बांधावरनं भांडत असत्यात, पन सकाळी त्वांड उघडत न्हाईत. म्हनत्यात, उद्या कॉक बंद केला म्हंजी?’

ताकाची तपेली ठेवून ती गेली. गुरुजी उठून त्या कॉकपाशी गेले. पितळेचा साधा कॉक. मग मला म्हणाले, ‘बाई, शेन त्येचं. पानी त्येचं. कॉक निसता माजा.’ आणि अगदी बारीक आवाजात, ‘म्या बोळ झालो की वो.’

‘तुम्ही काही मुद्दाम केलं नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही तर भल्यासाठी दिलात.’

‘त्येच तर,’ ते म्हणाले. ‘म्या काय बी मागितलं न्हाई. तरी त्येनं तरवा दिला.’

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळ-फावडं घेऊन आबांच्या अंगणात शिरले आणि काही न बोलता खणायला लागले. आता खणत होते ती जागा नळी शिरलेल्या भिंतीला लागूनच होती. आबांनी दार उघडलं, कुदळ पाहिली. ते धावत आले, गुरुजींचे दोन्ही हात धरले.

‘गुरुजी, नळी काडू नगा! तरवा दिला की! आजून काय पायजे ते सांगा!’

मी भिंतीपाशी उभी होते. साठीतला तो दांडगा माणूस असा काकुळतीला आलेला बघून मला रडू आलं. गुरुजींनाही आलं असावं, कारण ते एकदम खेकसले, ‘अरं येड्या, नळी कुटं काडतोय? तुजी टाकी खनतोय! धर फावडं!’

आबांनी फावडं धरलं, पण विश्वास बसायला तीन दिवस लागले. गुरुजींचं वय सत्तरीच्या पुढं. ते अर्धा तास खणायचे, अर्धा तास बसायचे आणि बसल्या बसल्या आबांना खड्ड्याचा व्यास समजावायचे. विटा आबांच्या पडक्या गोठ्याच्या निघाल्या. घुमटाला मार्गासनीचा गवंडी आला. मीही सुट्टीच्या दिवशी रेती चाळली. उत्रोलीला मला भाताच्या खाचरात उतरवता उतरवता थकलेले माझे वडील ते बघून हसले असते. टाकी झाली तेव्हा पहिलं शेण कालवून झाल्यावर गुरुजी आमच्या टाकीतला जुना काला बादलीत घेऊन आले आणि वरून ओतला. म्हणाले, ‘इरजन. आता ह्यो आपोआप लागंल.’

पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो. आबांना हे पटेना. फसलो असंच त्यांना वाटत राहिलं. एप्रिलच्या उन्हात टाकी तापली आणि एका सकाळी त्यांच्या शेगडीवर त्यांच्या म्हशीच्या शेणाची ज्योत उभी राहिली. आबांच्या बायकोनं हळदकुंकू वाहिलं. गुरुजींनी पडवीतला कॉक पाना लावून काढला, भिंतीतली नळी ओढून घेतली आणि भोक मातीनं लिंपून टाकलं. लिंपताना ते गुणगुणत होते.

पण दुसऱ्या दिवशी बांध गप्पच. तिसऱ्या दिवशीही. गुरुजी सकाळी मुद्दाम बांधावर फेऱ्या मारायचे, खोकायचे, एकदा तर त्यांनी उघडउघड फावड्यानं आबांच्या बाजूची वीतभर माती आपल्याकडे ओढली. आबा आले, पाहिलं, ‘बसा गुरुजी, च्या घ्या’ म्हणाले. गुरुजी तसेच फावडं घेऊन घरी आले. काकू म्हणाल्या, ‘कॉक काडला, पन उपकार ऱ्हायला की. त्यो कसा काडनार?’

एक मे जवळ येत होता, तहकूब ठराव पुन्हा येणार होता. ‘मागं घ्या की तो ठराव,’ मी सुचवलं. गुरुजी म्हणाले, ‘म्या मागं घेतला तर तरवा म्या वाचिवला आसं हुईल. आजून येक उपकार. त्येचा त्येनं वाचिवला पायजे.’ आणि नाही वाचवला तर? सरळ रेघेवर जीव असलेला तो माणूस त्या आठवड्यात माझ्या डोळ्यांदेखत वाळला.

एक मेला व्हरांडा भरलेला होता. आबांनी सकाळीच तरव्यावर राब भाजला होता. त्यांच्या सदऱ्याला राखेचा वास येत होता. गुरुजी उठले. नकाशा उलगडला. दहा वर्षं ज्या आवाजात ठराव वाचायचे त्याच आवाजात त्यांनी तो वाचला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वाचून झाल्यावर खाली बसले आणि मांडीवर घट्ट मूठ आवळली. मी शेजारी होते, म्हणून मला दिसलं.

सरपंचबाईंनी विचारलं, ‘आबा?’

आबा उठले. त्यांनी हात जोडले.

‘गुरुजींनी माज्या दारात टाकी खनली,’ आबा म्हणाले. ‘माजी बायकू त्येंच्यामुळं श्वास घेती. ह्ये उपकार म्या मरस्तवर इसरनार न्हाई.’ इथं त्यांनी हात खाली घेतले. ‘पन माज्या तरव्यात कुनी पाय ठिवला ना, मंग त्यो गुरुजी असू दे न्हाईतर गुरुजीचा बाप असू दे, तंगडंच मोडीन! वरनं रस्ता न्या की, वड्याच्या कडंनं! रेघ वाकडी झाली म्हून काय आबाळ पडतंय का? भूगोल शिकवला म्हून काय जमीन ह्येंच्या बापाची?’

पत्रे वाजले. बाहेर झाडावरचे कावळे उडाले. पहिल्या ओळीतली म्हातारी कानावर हात ठेवून हसायला लागली. आबा बोलत राहिले, पाच महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. ओढलेली वीतभर माती आली, घंटी लावलेली स्कूटरसुद्धा आली. ठराव पडला. ओढ्याच्या कडेनं वळसा घालून रस्ता न्यायचा, असा नवा ठराव सरपंचबाईंनी तिथल्या तिथं मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. गुरुजींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

ग्रामसेवक नवीन होते, शहराकडचे. ते पेन थांबवून म्हणाले, ‘गुरुजी, हा विरोध नोंदवताना... ते तंगडं मोडण्याचं कसं लिहू? “हरकत घेण्यात आली” असं लिहितो.’

‘न्हाई!’ गुरुजी उभे राहिले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. ‘जसं बोलला तसं लिवा. माज्या बापासकट लिवा.’

ते तसंच लिहिलं गेलं. सभा सुटल्यावर दोघे भाऊ घराकडे निघाले. आबांचं अजून संपलं नव्हतं. गुरुजी मध्येच एखादी काडी टाकत होते आणि आबा रस्त्यात थांबून दोन्ही हात हवेत उडवत होते. मी मागून चालत होते. माझा घरमालक भर सभेत हरला होता, आणि त्याच्या घरात मी भाडेकरू आहे याचा मला इतका अभिमान वाटत होता की भेटेल त्याला मी थांबवून सांगत होते.